सियामीची मूठ

१

शुक्रवारी सकाळी प्रार्थनेआधी शाळेच्या स्वयंपाकघरातल्या बियाकीने तांदळाची पेटी उघडली आणि ती नुसती बघतच राहिली. दर शुक्रवारी काठोकाठ भरलेली असायची ती पेटी आज निम्मी होती. कुलूप जागच्या जागी, कडी शाबूत, आणि निम्मा तांदूळ गायब.

सिहतलांगच्या या मिशन शाळेत पासष्ट मुलं. घरी चुलीवर भात चढवताना एक मूठ तांदूळ देवाच्या नावाने बाजूला निघतो, अख्ख्या मिझो मुलुखात निघतो, आणि त्यातलीच एक मूठ मुलं रोज शाळेत आणून रांगेने झाकणातल्या हात जाईल एवढ्या भोकातून पेटीत सोडतात. शुक्रवारी आधी पेटी रिकामी करायची, मग त्या दिवसाच्या मुठी. आठवड्याचा तांदूळ चर्चमध्ये जातो. देवाच्या मुठीला हात लावायचा म्हणजे माणूस केवढा निगरगट्ट हवा, आणि गावात तर एवढा निगरगट्ट कोणी माहीत नव्हता.

"सर, मला माहितीये," पाचवीची मॉनिटर डिकी पुढे आली. "घंटेच्या आधी सियामी पेटीपाशी होती. हातात तांदूळ होते तिच्या. मला बघून खिशात घातले."

चौसष्ट माना भिंतीकडे वळल्या. भिंतीला चौथीतली सियामी एकटी उभी होती. शिक्षा झालेल्या मुलाने प्रार्थनेला तिथेच उभं राहायचं असतं.

"खिसा," हेडमास्तर रुआलखुमा म्हणाले.

सियामीने खिसा उलटा केला. मूठभर लाल तांदूळ फरशीवर सांडला. धुकं खिडकीतून आत येत होतं आणि बाहेर कुणाचंतरी डुक्कर ओरडत होतं.

थंगी मिस सियामीच्या वर्गशिक्षिका. त्यांचं लक्ष मुलीकडे कमी आणि हेडमास्तरांकडे जास्त होतं. वर्षानुवर्षं शास्त्रवचन ते स्वतः वाचत. आज त्यांनी पुस्तक थंगी मिसच्या हातात दिलं होतं. डोळे सुजलेले, आणि एक हात गालावर. दाढ दुखत असावी.

"तीन वाजता माझ्या खोलीत बैठक," ते म्हणाले. फरशीवरच्या तांदळाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

२

आता तो शिस्तीचा फळा सांगायला हवा. दारामागे लाकडी फळा, त्यावर खिळ्यांच्या तीन रांगा, आणि प्रत्येक मुलाच्या नावाचा पत्र्याचा बिल्ला. सगळे बिल्ले वरच्या रांगेत असतात. पहिली चूक झाली की बिल्ला दुसऱ्या रांगेत उतरतो, दुसरी झाली की तिसऱ्या. तिसऱ्या रांगेतल्या मुलाने भिंतीला उभं राहायचं आणि देवाची मूठ पेटीत टाकायची नाही. हेडमास्तर म्हणायचे, शिस्त मोडलेला हात आधी स्वच्छ होऊ दे, मग देवापुढे कर. चौथी रांग नव्हती. तिसऱ्या चुकीला बिल्ला उतरवायचा आणि मुलाच्या हातात द्यायचा, म्हणजे शाळेतून नाव गेलं.

सियामीचा बिल्ला मागच्या शुक्रवारी तिसऱ्या रांगेत गेला होता. पहिली चूक उशिरा येण्याची. दुसरी, प्रार्थनेच्या रांगेत डिकीला ढकलून पाडल्याची; त्यात तिची त्या दिवसाची मूठही सांडली. तो दुसरा खिळा थंगी मिसनीच बदलला होता. का ढकललंस, हे तेव्हा त्यांनी विचारलं नव्हतं. डिकी रडत होती, ही रडत नव्हती, तेवढं त्यांना पुरलं होतं.

सियामीला आई नाही आणि बाप कुठे आहे ते कुणाला माहीत नाही. डोंगराच्या टोकाला म्हातारी आजी आणि ती, दोघीच. शाळेतून नाव गेलं तर मामा तिला ऐजॉलला नेणार, त्याची पोरं सांभाळायला आणि भांडी घासायला. नाताळात चारचौघांत तो तसं बोलून गेला होता.

थंगी मिसनी सांडलेला लाल तांदूळ रुमालात गोळा केला आणि त्या भिंतीपाशी गेल्या.

"सियामी, तू घेतलास तांदूळ?"

गप्प.

"नाही घेतलास?"

पुन्हा गप्प. पोरगी समोर बघत होती, अंगठ्याने दुसऱ्या अंगठ्याचं नख खरवडत होती.

"अगं, नाही म्हणायला काय जातं तुझं? तीन वाजता नाव काढतील. मामा काय लांब आहे का?"

थंगी मिसच्या मनात आलं, ही घाबरलेली दिसत नाही. हिने दोन्हीकडची दारं ढकलून पाहिली आहेत आणि दोन्ही बंद आहेत, असं हिचं तोंड आहे. चोर 'नाही' म्हणतो. निर्दोषही 'नाही' म्हणतो. 'हो' आणि 'नाही' दोन्ही न म्हणणारं माणूस त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

३

बियाकी स्वयंपाकघरात उरलेला तांदूळ सुपात घेऊन बसली होती. पेटीच्या दोन किल्ल्या. एक हिच्या कमरेला, दुसरी हेडमास्तरांच्या टेबलाच्या खणात.

"बस, विचार," बियाकी म्हणाली. "सगळ्यांच्या मनात तेच आहे. किल्ली माझ्याकडे, म्हणजे तांदूळ माझ्याच घरी शिजला. सतरा वर्षं ही पेटी सांभाळतेय मी, थंगी. माझ्या घरात तांदळाला तोटा आहे का?"

"मी कुठे काय म्हणाले."

"म्हणाली नाहीस, पण तुझ्या भुवया बोलतात." बोलता बोलता तिची बोटं तांदळात फिरत होती. एक खडा निघाला, तो तिने खिडकीबाहेर टाकला. मग दुसरा. मग तूस. "खडे बघ किती. हल्ली पोरींना तांदूळ निवडायला नको. सरकारी दुकानाचा आणला की तसाच पोराच्या खिशात." आणखी एक खडा उडाला. "एक बरं, या खेपेला लाल दाणा नाही एकही. एरवी पांढऱ्यात तो उठून दिसतो. गावात सियामीच्या आजीशिवाय डोंगरउतारावरचं लाल भात पिकवतंय कोण आता? नातच भिंतीला उभी म्हटल्यावर या आठवड्यात कुठून येणार लाल."

"हेडमास्तर आज दाढ धरून होते."

"खडा चावला असेल. बायको गेल्यापासून ही तिसरी दाढ." बियाकी हसली, पण लगेच थांबली. "हसू नये. ती होती तेव्हा दाणा न् दाणा निवडून शिजवायची. आता तो माणूस सकाळ-संध्याकाळ एकटाच शिजवतो, एकटाच चावतो. कुणाला बोलवत नाही की कुणाकडे जात नाही."

थंगी मिसही एकट्याच शिजवत. एकीचा भात तो केवढा. देवाची मूठ काढली की पातेल्यात तिच्याएवढंच उरायचं. पुढच्या मार्चमध्ये निवृत्ती. मग शाळेतून येणारा हा गलकाही बंद होणार.

बाहेर कापा घंटेची दोरी गुंडाळत होता. शाळेचा शिपाई, पायाने थोडा अधू, तोंडाने अजिबात नाही.

"मिस, मी काल चार वाजता फाटक लावलं. कोणी पोर आत नव्हतं. हेडमास्तर तेवढे होते."

"मग?"

"मग काय. निघाले. रोज पायऱ्यांपाशी पिशवी माझ्याकडे देतात, म्हातारपणी चढवत नाही म्हणून. काल दिली नाही. मी हात पुढे केला तर म्हणाले, राहू दे. वर जाईपर्यंत चार वेळा टेकले, पण पिशवी नाही सोडली." कापाने दोरी खुंटीला अडकवली. "माझं काही चुकलं असेल का? तुम्ही विचारून बघा ना."

४

मधल्या सुट्टीत थंगी मिस डोंगराच्या टोकाला गेल्या. चढ उभा होता. छातीचा भाता झाला तेव्हा कुठे आजीचं घर दिसलं, बांबूच्या भिंती आणि वर पत्रा. म्हातारी चुलीशी बसून होती. तिला आता फारसं दिसत नव्हतं.

"कोण?"

"थंगी, आजी. शाळेतली."

"मिस का. बस, चहा ठेवते." ती चाचपडत उठली. "सियामीने काही केलं नाही ना?"

खोटं बोलायला थंगी मिसच्या जिवावर आलं, आणि खरं बोलायलाही. "नाही. इकडे आले होते, म्हटलं डोकवावं."

"ते बरं केलंस. इकडे कोण येतं आता. दिवसभर मी आणि कोंबड्या." चुलीपाशी बांबूची छोटी टोपली होती, त्यात लाल तांदूळ. म्हातारीने टोपलीवर हात ठेवला. "देवाची मूठ पोहोचते ना रोज? मी मोजून देते तिच्या हातात. म्हणते, वाटेत सांडू नको, परत घरी आणू नको. एकदा देवाच्या नावाने काढलेली मूठ परत पातेल्यात जात नाही."

"रोज देता?"

"सोमवार, मंगळवार, रोज. आज सकाळीसुद्धा दिली. का ग?"

नातीचा बिल्ला तिसऱ्या रांगेत आहे, ती भिंतीला उभी असते, तिची मूठ पेटीला चालत नाही, हे या म्हातारीला कुणी सांगितलंच नव्हतं. सियामी कशी सांगणार? मूठ टाकायची नाही, फेकायची नाही आणि घरीही न्यायची नाही. नऊ वर्षांच्या पोरीने करावं तरी काय?

"चहा गार होतोय," आजी म्हणाली. "आणि एक सांग. ती शाळेत कुणाशी बोलते का? घरी आली की म्हणते, सगळ्यांशी बोलते. फार पटकन म्हणते."

थंगी मिसनी चहा घशाखाली ढकलला. उतरताना मात्र त्यांच्या पायांना घाई सुटली होती. दोन वाजून गेले होते.

५

सियामी अजून भिंतीपाशीच होती. थंगी मिस तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि त्यांनी रुमाल उघडला.

"पेटीत पासष्ट घरांचा तांदूळ असतो. लांबडा, बुटका, फुटका, सगळा एकात एक. पेटीतून चोरला असतास तर तुझ्या खिशात तसलाच निघाला असता. हा सगळा एका जातीचा आहे. तू काढत नव्हतीस, टाकत होतीस. सोमवारपासून रोज, घंटेच्या आधी. हो ना?"

सियामीची मान हलली. मग डोळे भरले.

"आणि मी टाकत होते म्हणून सांगितलं असतंस तर तीच तिसरी चूक झाली असती."

"आजीला सांगू नका, मिस."

"डिकीला का ढकललं होतंस?"

"ती म्हणाली, लाल तांदूळ आमच्याकडे डुकरांना घालतात." आवाज इतका बारीक की थंगी मिसना वाकावं लागलं.

थंगी मिस उठल्या त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या. बियाकीचं सूप अजून निम्म्याहून जास्त न निवडलेलं होतं. त्यांनी तांदूळ पसरला आणि बोट फिरवत राहिल्या. खडे, तूस, पुन्हा खडा. लाल दाणा एकही नाही.

पण सियामीने सोमवार ते गुरुवार चार मुठी टाकल्या होत्या. त्या गेल्या कुठे? चोराने वरवरचा उपसला असता तर खालच्या तांदळात सोमवारचे, मंगळवारचे लाल दाणे राहिले असते. एकही नाही, म्हणजे कोणीतरी ते एकेक करून निवडून काढले होते. चोर कधी तांदूळ निवडत बसतो का?

आणि मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला. सकाळपासून सगळी शाळा उलटं धरून बसली होती. निम्मा तांदूळ गेला नव्हता. सगळाच गेला होता, आणि निम्मा परत आला होता. निवडून झालेला तेवढा.

कोणी निवडला असेल? बियाकीने? बियाकीची बोटं भांडतानासुद्धा खडा सोडत नाहीत. कापा स्वतःच्या हाताने रांधून खातो, तोही खडा ठेवणार नाही. इथे लाल दाणे गेले होते आणि खडे जसेच्या तसे होते. निवडणाऱ्याला लाल रंग दिसत होता, करडा खडा दिसत नव्हता, आणि तांदळात खडा शोधायची त्याच्या हाताला सवयही नव्हती. अख्खी रात्र बसून ज्याचा निम्माच झाला, ज्याची दाढ दुखते, ज्याच्याकडे दुसरी किल्ली आहे.

थंगी मिसनी सूप उचललं.

६

हेडमास्तरांच्या खोलीत ते एकटेच होते. टेबलावर पाण्याचा पेला, आणि घड्याळात अडीच.

थंगी मिसनी सूप टेबलावर ठेवलं. "कपु," त्या म्हणाल्या. वडीलधाऱ्या माणसाला इथे असंच म्हणतात, पण आजवर त्या त्यांना कधी कपु म्हणाल्या नव्हत्या. "उरलेला तांदूळ कुठे आहे?"

रुआलखुमांनी खाली वाकून टेबलाखालची पिशवी वर ठेवली, आणि तिच्याशेजारी एक बशी. बशीत लाल दाणे होते.

"कशावरून ओळखलंस?"

"खडे ठेवलेत तुम्ही."

ते हसल्यासारखे झाले आणि त्यांचा हात पुन्हा गालाकडे गेला. "खडे तीच काढायची. मला वाटायचं तांदळात खडे नसतातच."

"सांगा ना मला, काय झालं."

"काल झाकण नीट बसलं नव्हतं म्हणून उघडलं. बघतो तर वरच लाल मूठ. हात घालून ढवळलं, खालीही लाल. पोरगी माझ्या नाकासमोर नियम मोडत होती. आज बियाकीने उघडली असती, तिने बघितलं असतं आणि तिसरा खिळा संपला असता." त्यांनी पेला सरकवला. "नियम माझा. तो मी मोडणार नाही, हे तुलाही माहिती आहे. आणि ती मुलगी जाईल, हे मला सहन होईना. मग म्हटलं, पुरावाच नको. दिवेलागणीपासून बसलो, थंगी. भिंग घेऊन. पहाटेपर्यंत निम्मं झालं. तेवढं आणून ओतलं. वाटलं, प्रार्थना उशिरा सुरू करू, काहीतरी करू. आणि बियाकीने नेमकी लवकर उघडली."

"आणि मग त्या पोरीला तुम्ही चोर होऊ दिलंत."

"हो."

"सकाळपासून ती उभी आहे. सगळी शाळा बघतेय."

"मला उठवेना. तोंड उघडलं असतं तर पासष्ट पोरांसमोर मीच चोर. तीस वर्षं त्यांना भिंतीला उभं केलंय मी." त्यांचा आवाज फुटला नाही, नुसता बारीक झाला. "घरी कोणी असतं तर सकाळी म्हणालं असतं, जा, सांगून टाक. कोणीच नव्हतं."

थंगी मिसना राग आला होता, तो होताच. पण त्या रागाला आता धार राहिली नव्हती. दुसरा खिळा कुणी बदलला होता, हे त्या विसरल्या नव्हत्या.

"मी म्हणते," त्या म्हणाल्या. "जा, सांगून टाका."

७

तीन वाजता चर्चचे एक वडील, म्हणजे मंडळीतले ज्येष्ठ कारभारी, आले, बियाकी आली, डिकी आली, आणि सियामीला भिंतीपासून बोलावलं. रुआलखुमा उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं, सरळ, एकही शब्द न गाळता. बियाकीच्या तोंडाचा आ मिटेना. डिकी मान खाली घालून होती. ती लाल तांदळाबद्दल काय बोलली होती तेही आज बाहेर आलं होतं.

"पण मुलीने नियम मोडलाच," वडील घसा खाकरून म्हणाले. "भिंतीची मूठ पेटीत टाकली."

"मोडला. आणि तो लपवायला मी पेटी उपसली," हेडमास्तर म्हणाले. "तिचा बिल्ला काढायचा तर आधी माझा काढावा लागेल. तो फळ्यावर कधी नव्हताच. आता लावतो."

वडिलांनी चष्मा पुसला आणि मान डोलावली.

सोमवारी फळ्याच्या तिसऱ्या रांगेत सियामीच्या बिल्ल्याशेजारी पत्र्याचा एक नवा बिल्ला होता. नाव कापाने खिळ्याने कोरलं होतं, वाकडंतिकडं. प्रार्थनेला मुलं रांगेत उभी राहिली तेव्हा हेडमास्तर चालत भिंतीपाशी गेले आणि शाळेकडे तोंड करून उभे राहिले. कोणी हसलं नाही. सियामीने वर बघितलं, मग थोडी सरकून त्यांना जागा करून दिली.

"तुम्ही किती दिवस उभं राहायचं, सर?" तिने हळूच विचारलं.

"महिनाभर. नियम आहे."

"पाय दुखतात. भिंतीला टेकलं तर चालतं. मिस बघत नाहीत."

ते टेकले.

मुलं एकामागून एक पेटीत मूठ सोडून गेली. शेवटचं मूल गेलं तरी भिंतीपाशी दोन मुठी आवळलेल्याच होत्या, एक लहान आणि एक सुरकुतलेली. थंगी मिसनी पेटी उचलली. सोमवारची पेटी हलकी असते. ती त्यांनी भिंतीपाशी नेली आणि दोघांच्या मधोमध धरली. असा नियम कुठेच नव्हता, आणि उद्या त्यांनाही कुणी बिल्ला लावला असता तर त्यांची हरकत नव्हती. हेडमास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं.

"आधी तू," ते सियामीला म्हणाले.

शुक्रवारी बियाकीने पेटी उघडली तेव्हा ती काठोकाठ भरली होती. तिने सूप मांडीवर घेतलं आणि निवडायला बसली. खडे होते, नेहमीपेक्षा जरा जास्तच होते. लाल दाणेही होते. खडे तिने काढले, आणि लाल दाणे राहू दिले.